एमएनडी: बाबांना घरीच सांभाळायचं आहे, मुंबईत कोणाकोणाला गाठायचं?

दिगंत_भांडुप:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. बाबा ६६ वर्षांचे, गोदीतून निवृत्त. मागच्या वर्षी उजव्या हाताने शर्टाची बटणं लावता येईनात. मानेच्या मणक्याचं दुखणं समजून पट्टा, ट्रॅक्शन, शेक सगळं झालं. हात सुधारला नाहीच, उलट अंगठ्याजवळचं मांस आटत गेलं आणि दंडातलं मांस आपोआप उडायला लागलं. शेवटी न्यूरोलॉजिस्टनी एमआरआय आणि ईएमजी (नसा-स्नायूंची विजेची तपासणी) करून मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एमएनडी, सांगितला. स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू मरत जातात, त्यातला एएलएस हा प्रकार. रिलुझोल ही गोळी सुरू केलीय, सहा महिन्यांनी दाखवायला बोलावलंय. "यावर उपाय नाही, घरी नीट सांभाळा", एवढं ऐकून आम्ही बाहेर पडलो.

नीट सांभाळायचं म्हणजे काय करायचं, हेच विचारायचं आहे. चालताना डावा पाय घासतो. गेल्या काही दिवसांत फोनवर बोलणं जरा बोबडं वाटतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. आईला गुडघेदुखी, मी आणि बायको दोघं नोकरीला. बाबांना आम्ही "नसांचा अशक्तपणा" एवढंच सांगितलंय. पूर्ण सांगावं का? चुलतभाऊ स्टेम सेलच्या उपचारासाठी मागे लागलाय. एका मित्राने पॅलिएटिव्ह केअरवाल्यांना (आजार बरा होणारा नसला तरी त्रास कमी करणारे) फोन कर म्हटलं, तर आई भडकली, "ते शेवटी बोलवायचे असतात." कोणी या रस्त्याने गेलं असेल तर लिहा. गोड बोलू नका, स्पष्ट सांगा.

खारफुटी:
दिगंत, माझ्या बायकोला हाच आजार होता. बोरिवलीला घरीच सांभाळलं. तिचं बोलण्यापासून सुरू झालं, तुमच्या बाबांचं हातापासून, तेव्हा पुढचा क्रम वेगळा असेल. पण या आजारात अडचण दारात आली की सोय शोधू, असं म्हणून भागत नाही. सोय आधी करून ठेवावी लागते.

सहा महिने थांबू नका. या महिन्यातच छातीच्या डॉक्टरांना गाठून श्वासाची ताकद मोजून घ्या. फुंकर मारायची तपासणी असते, एफव्हीसी म्हणतात. पहिला आकडा आज कळला तर पुढची घसरण कळेल. छातीचे स्नायू दमतात तेव्हा माणूस धापा टाकतोच असं नाही. उताणं झोपवत नाही, उशा वाढत जातात, रात्री दचकून जाग येते, सकाळी डोकं जड असतं, दिवसा टीव्हीसमोर पेंग येते. खोकला नुसता "हुं" एवढाच निघतो. घरच्यांना वाटतं वय झालं. ही लक्षणं दिसली की बायपॅपची, म्हणजे मास्कमधून श्वास ढकलून देणाऱ्या मशीनची वेळ झाली. मशीन भाड्याने मिळतं. पहिल्या रात्री कोणालाच सोसत नाही, मास्क दोन-तीन बदलून बघावे लागतात. दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास लावून सवय करायची, मग रात्री.

दुसरं, वजन. घरात काटा आणा, दर आठवड्याला टिपून ठेवा. या आजारात वजन उतरणं वाईट, तेव्हा डाएटिंगवाल्यांचं ऐकू नका. तूप, लोणी, साय, जे जाईल ते जाऊ द्या. वजन दहा टक्क्यांनी घटलं किंवा जेवण तासभर चालायला लागलं की पोटातल्या नळीचा, म्हणजे पेगचा विषय काढायचा. ती श्वास बरा असतानाच घालून घ्यावी. एफव्हीसी पन्नास टक्क्यांच्या खाली गेल्यावर त्याच प्रक्रियेचा धोका वाढतो. नळी घातली म्हणून तोंडाने खाणं बंद होत नाही. औषध, पाणी आणि पोटभर अन्न नळीतून, चवीपुरतं तोंडातून. आमच्याकडे श्रीखंड शेवटपर्यंत चमच्याच्या टोकावर चालू होतं.

तुम्हाला एक डॉक्टर पुरणार नाही. न्यूरोलॉजिस्ट, छातीवाले, फिजिओ, बोलण्या-गिळण्याचे थेरपिस्ट आणि पॅलिएटिव्हवाले, एवढे तरी हवेत. परदेशात म्हणे हे सगळे एका खोलीत बसून एकाच दिवशी बघतात. इथे ती मोट आपणच बांधायची. एक फाइल ठेवा, त्यात शेवटचा एफव्हीसी, वजन आणि औषधांची यादी सगळ्यात वर. फिजिओ आणि पायाच्या स्प्लिंटसाठी हाजी अलीची एआयआयपीएमआर ही सरकारी संस्था जरूर बघा. घासणाऱ्या पायाला एएफओ (घोटा-पाऊल धरून ठेवणारा स्प्लिंट) मिळाला तर बाबा पडायचे वाचतील. मुंबईत आशा एक होप फाउंडेशन नावाची एमएनडीवाल्यांसाठीची संस्था आहे, तिथे बाकीचे नातेवाईक भेटतील.

साधामाणूस:
खारफुटी यांना +१. कोरोनात घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आमच्याकडे पडून आहे. चालू स्थितीत आहे, दिगंत हवा असेल तर घेऊन जा. तोच लावला तर बायपॅपचा खर्च वाचेल ना?

पिंपळपान:
साधामाणूस, मन मोठं आहे तुमचं, पण नाही. इथे चटकन उत्तर देणं भाग आहे. मी पॅलिएटिव्ह केअरचा डॉक्टर, घरी जाऊन रुग्ण बघतो. नाव देत नाही, जाहिरात नको.

एमएनडीत फुप्फुस सहसा ठीक असतं, भाता ओढणारे स्नायू दमलेले असतात. हवा आत-बाहेर कमी होते आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. नुसता ऑक्सिजन लावला तर बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा ९८ दिसतो, घरचे निश्चिंत होतात, आणि आत कार्बन डायऑक्साइड चढत जाऊन रुग्ण गुंगीत जातो. बायपॅप श्वास ढकलून देतो, कॉन्सन्ट्रेटर ते करत नाही. न्यूमोनिया असेल तर गोष्ट वेगळी, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: "एमएनडी आहे, बायपॅपशिवाय नुसता ऑक्सिजन देऊ नये." रात्री ॲम्ब्युलन्समध्ये हे सांगायला तुम्ही भानावर असालच असं नाही.

आता दिगंतच्या आईंच्या वाक्याबद्दल. आमच्या क्षेत्राला "शेवटचे" समजतात, कारण मुंबईत हे काम कॅन्सरच्या अंगाने वाढलं. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारं केंद्र), पण ते कॅन्सर रुग्णांसाठी. टाटा हॉस्पिटलचा विभागही अर्थात तसाच. इतर आजारांनाही हात देणारे थोडे आहेत, त्यात वांद्र्याचं रोमिला पॅलिएटिव्ह केअर, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी लेकीच्या स्मरणार्थ सुरू केलेलं. भांडुपला कोण येऊ शकेल ते फोन करून विचारा.

एमएनडीत आमचं काम निदान झाल्या दिवसापासून सुरू होतं. रिलुझोल ५० मिलिग्रॅम दोनदा, उपाशीपोटी, पहिले तीन महिने दर महिन्याला यकृताची तपासणी. ते चालू ठेवाच, पण त्याने आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढतं. न्यूकॅसलच्या एका छोट्या चाचणीत, २००६ साली छापून आली ती, ज्यांचे बोलण्या-गिळण्याचे स्नायू फार बिघडले नव्हते त्यांना बायपॅपने जवळपास सात महिने जास्त मिळाले, झोप सुधारली ती वेगळीच. म्हणजे आज हातात असलेली सगळ्यात गुणकारी गोष्ट गोळी नाही, मास्क आहे. आणि त्याबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं नाही, याचा मला राग येतो.

लाळ गळते त्यावर ग्लायकोपायरोलेट किंवा रात्रीची अमिट्रिप्टिलिन, काहींना डोळ्यांत घालायचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब जिभेखाली. नाही भागलं तर लाळग्रंथीत बोटॉक्स. पाय ताठरले तर बॅक्लोफेन. धाप आणि तिच्यामागून येणारी घाबरगुंडी यावर थोड्या मात्रेत मॉर्फिन. मॉर्फिन म्हटलं की लोक दचकतात. नीट मोजून दिलं तर ते श्वास बंद पाडत नाही, धाप सुसह्य करतं. २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा बदलल्यावर मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं, तरी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळणार नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण प्रत्येक घरात हा प्रश्न असतो: गुदमरून जातील का? बहुतेक रुग्ण तसे जात नाहीत. श्वास हळूहळू उथळ होतो, झोप वाढते, आणि बहुतेकदा झोपेतच संपतं. ठसके लागतात ते भयानक दिसतात, पण त्यातच मृत्यू येणं विरळा.

पार्कसाइट:
डॉक्टरसाहेब मान्य आहे, पण सगळं "सोय करा, सोय करा" असंच आलं. लढायचं कोणी? आमच्या ओळखीत एकाने स्टेम सेल घेतले, त्याचा हात थोडा उचलायला लागला. स्टीफन हॉकिंगला १९६३ मध्ये सांगितलं होतं, माणूस २०१८ पर्यंत जगला. आशा का सोडायची?

पिंपळपान:
हॉकिंगना एकविसाव्या वर्षी आजार झाला आणि त्यांचा वेग विलक्षण मंद होता. लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण दोन ते चार वर्षं, आणि दहातला एखादा दहा वर्षांपलीकडे, हा नेहमीचा हिशेब. बाबा त्या एखाद्यात असतील तर आनंदच, पण तयारी नेहमीच्या हिशेबाने करायची.

स्टेम सेलचं स्पष्ट बोलतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मोजके मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच द्यायचे, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. कोणी लाखांचं पॅकेज सांगितलं की उलटा प्रश्न विचारा: चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? मग चेहरा बघा. हात उचलायला लागला म्हणता, तर या आजाराला अधूनमधून पठार येतं, नवीन फिजिओनेही फरक दिसतो. तेवढ्या पैशात वर्षभर रात्रीची बाई ठेवता येते.

पार्कसाइट:
तुम्ही ॲलोपॅथीवाले असंच म्हणणार. असो. दिगंत, नंबर हवा तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

खारफुटी:
पार्कसाइट, भांडत नाही, पण आम्हीही एक "लढाई" लढलो. केरळ, महिनाभर तेल-मसाज. तिला बरं वाटलं, मालिशने वाटतंच. त्याला माझा विरोध नाही. फक्त त्यापायी तिची रिपोर्टची तारीख पुढे जाऊ दिली नाही.

स्वरव्यंजन:
मी स्पीच थेरपिस्ट. बोलणं बोबडं व्हायला लागलंय म्हणता, म्हणजे गिळण्याकडेही आतापासून लक्ष हवं. लोकांना वाटतं घट्ट अन्न अडकतं आणि पातळ जातं. उलट पाणी आणि चहा सगळ्यात आधी चुकीच्या वाटेने जातात. चहाला ठसका लागायला लागला की कपाला हात लावण्याआधी थेरपिस्टला दाखवा. केमिस्टकडे थिकनर पावडर मिळते, चहा मधासारखा दाट करता येतो. चव तीच राहते, पण चहाबाज माणूस पहिले काही दिवस शिव्या घालतो, तयारी ठेवा.

गुरगुट्या भात तूप घालून, नाचणीची पेज, घट्ट दही, कुस्करलेलं केळं, मुगाची मऊ खिचडी, हे नीट जातं. चिवडा, शेव, खारी, कोरडी भाकरी यांचा चुरा घशात पसरतो. पातळ आणि तुकडे एकत्र असलेले पदार्थ फसवे: रस्साभाजी, दुधातले पोहे, सांबारवडा. रस आधी खाली उतरतो, तुकडा मागे राहतो. बसून, हनुवटी किंचित छातीकडे, छोटा घास, आणि तोंडात घास असताना "बाबा, बरं लागतंय का?" विचारायचं नाही. माणूस उत्तर द्यायला जातो आणि ठसका लागतो. टीव्ही बंद. जेवणाआधी अर्धा तास विश्रांती, कारण संध्याकाळपर्यंत जीभही दमते.

आता बोलण्याचं. आवाज आहे तोवर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. शब्दांच्या याद्या नकोत. त्यांची हाक, त्यांची शिवी, नातवाला मारायची टोपणनावं, गणपतीत म्हणायची आरती. पुढे फोनमधल्या ॲपवर बटण दाबून त्यांच्याच आवाजात वाजवता येतं.

हात आणि आवाज दोन्ही गेल्यावर लागणारा तक्ता आजच शिकून घ्या. महागड्या यंत्राची गरज नाही. आपली वर्णमाला यासाठी फारच सोयीची. पहिल्या ओळीत स्वर, मग क ची ओळ, च ची, ट ची, त ची, प ची, शेवटी य पासून ळ पर्यंत. तुम्ही ओळींचे आकडे म्हणत जायचे, "एक, दोन, तीन", हव्या ओळीला ते पापणी मिटतील. मग त्या ओळीतली अक्षरं म्हणायची. काना-मात्रा मागू नका, दोन-तीन व्यंजनं आली की घरच्या माणसाला शब्द कळतो. "प ण" आलं की पाणीच. मात्र अंदाज करून पुढे पळू नका, चुकलं तर "नाही" म्हणायची खूणही आधी ठरलेली हवी. रोजच्या मागण्यांचा वेगळा कागद करा: कुशीवर वळवा, मान वर, लाळ पुसा, मास्क सैल, पंखा कमी, खाजतंय, एकटं सोडा. शेवटचं लिहायला घरचे नेहमी विसरतात.

डोळ्यांच्या हालचाली या आजारात बहुतेक शेवटपर्यंत टिकतात, म्हणून डोळ्यांनी चालणारे संगणक वापरता येतात. कोणी संस्था वापरायला देते का ते आधी पाहा, लगेच विकत घेऊ नका.

एक_बोट:
मी रुग्ण. वय ४८, डोंबिवली. आता बोटही चालत नाही, डोळ्यांनी टाइप करतो. तुटक लिहीन.

दिगंत, बाबांना सांगा. त्यांना अंदाज आहेच. मलाही आधी अशक्तपणा म्हणून सांगितलं. तेव्हा मी सही करू शकत होतो. बँक, पीएफ, मृत्युपत्र तेव्हाच सुटलं असतं. नंतर अंगठ्यासाठी दोघांनी हात धरला.

सगळं एका दिवसात सांगू नका. विचारा, किती ऐकायचंय.

पाहुणे माझ्यासमोर बायकोला विचारतात, यांना कळतं का. कळतं. डास चावलेलाही कळतो. मारता येत नाही. संध्याकाळी खिडकी लावा.

हसू आवरत नाही. वडिलांच्या तेराव्याला हसत होतो. लोक बघत राहिले. मला आतून रडू येत होतं.

गळ्याला भोक पाडून व्हेंटिलेटर नको, असं लिहून दिलंय. बायपॅप चालेल. पेग आहे. आयपीएल बघायचं आहे.

पिंपळपान:
एक_बोट, लिहिलंत, बरं केलंत. नको तेव्हा येणाऱ्या त्या हसू-रडूवर औषध आहे. मेंदूचा ब्रेक सैल झाल्याने होतं, मनाचा कमकुवतपणा नाही. तुमच्या न्यूरोलॉजिस्टना जरूर सांगा, अमिट्रिप्टिलिन किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनी कमी होतं. आणि इतरांसाठी: काही रुग्णांत विचार करण्यात आणि स्वभावातही बदल होतो, थोड्यांत तो डिमेन्शियापर्यंत जातो. एखादे शांत आजोबा अचानक हट्टी झाले तर तो आजाराचा भाग असू शकतो. म्हणूनही मोठे निर्णय लवकर.

लोअरपरळ:
भोकाचा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजू लिहितो. माझा धाकटा भाऊ गेली चार वर्षं घरी व्हेंटिलेटरवर आहे, गळ्यातून. आमची दहा बाय बाराची खोली म्हणजे आयसीयू. कफ-लाळ ओढून काढायचं सक्शन मशीन, जादा बॅटरी, रात्री कोणीतरी जागं. आई त्याच्या पायाशी झोपते. तो क्रिकेट बघतो, पुतणीचा अभ्यास डोळ्यांनी घेतो, चुकली की पापण्या फडफडवून ओरडतो. आम्हाला पश्चात्ताप नाही.

पण हे त्याने ठरवलं नव्हतं. पहाटे श्वास गेला, कॅज्युअल्टीत डॉक्टर म्हणाले ट्यूब घालू का, आम्ही हो म्हटलं. कोण नाही म्हणेल? नंतर मशीन सुटेना. तो आज खूश आहे म्हणून आम्ही सुटलो. नसता तर काय तोंड दाखवलं असतं, माहीत नाही. दोन पगार आणि गावची जमीन गेली, हेही लिहितो, कारण कोणी लिहीत नाही.

खारफुटी:
लोअरपरळ, तुमच्या आईंना नमस्कार. माझ्या बायकोने नको म्हटलं होतं, पाटीवर लिहून. तिचं बरोबर की तुमचं, असा हिशेबच नाही. तिला विचारायला वेळ मिळाला, एवढाच फरक.

पिंपळपान:
तो वेळ मिळावा म्हणूनच कागद करायचा. मुंबईने हा प्रश्न अरुणा शानबाग, हल्ल्यानंतर शुद्ध हरपलेल्या नर्स, यांच्या रूपाने केईएममध्ये दशकानुदशके पाहिला. त्यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाचा निकाल २०११ चा. पुढे ९ मार्च २०१८ ला कॉमन कॉज खटल्यात कोर्टाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, लोक लिव्हिंग विल म्हणतात त्याला, मान्यता दिली. तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती की कोणी वाटेला जाईना. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. मॅजिस्ट्रेटकडे जायला नको. निर्णय घेता येणार नाही तेव्हा कोणी बोलायचं, त्यांची नावं त्यात घालायची. एक प्रत पालिकेच्या नेमलेल्या कस्टोडियनकडे (कागद सांभाळणारा अधिकारी) देता येते. हे कस्टोडियन नेमले जावेत म्हणून मुंबईच्याच डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात याचिका केली होती. तुमच्या वॉर्ड ऑफिसात आरोग्य अधिकाऱ्यांकडे चौकशी करा.

त्यात नुसतं "मला त्रास नको" लिहू नका, काहीच अर्थ निघत नाही. बायपॅप हवा की नको, पेग हवी की नको, गळ्यातून व्हेंटिलेटर हवा की नको, न्यूमोनिया झाला तर ॲडमिट करायचं का, असं एकेक. आणि मत बदलता येतं. नको म्हणजे उपचार बंद असंही नाही, धाप आणि वेदनेवरचं औषध शेवटपर्यंत चालू राहतं. कोणाला इंजेक्शन देऊन मारणं हा आपल्याकडे गुन्हाच आहे, त्याची याच्याशी गल्लत नको.

आणखी एक, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. घरीच मृत्यू व्हावा असं ठरवत असाल तर रुग्णाला आधीपासून ओळखणारा डॉक्टर हवा. मृत्यूच्या कारणाचा दाखला, फॉर्म ४ए, त्यानेच द्यायचा असतो. तो नसेल तर ऐनवेळी स्मशानात अडवतात आणि घरचे रात्रभर दाखल्यासाठी फिरतात. फॅमिली डॉक्टरांना आजच एकदा घरी बोलावून बाबांना दाखवून ठेवा.

तिसरी_पाळी:
सगळं वाचलं. मी सून, सासूबाईंना एमएनडी, ठाणे. डॉक्टर आणि पुरुषमंडळींनी जे लिहिलं नाही ते लिहिते. नर्सिंग ब्युरोची मावशी बारा तासांची येते, तिला एमएनडी माहीत नसतं. ती सासूबाईंना बगलेत हात घालून ओढते आणि खांदा दुखावतो. खांदा लुळा असतो, सांधा सुटायला वेळ लागत नाही. फिजिओला एक दिवस मावशीसाठी बोलवा, उचलणं, वळवणं, सक्शन, बायपॅपचा मास्क, सगळं त्यांच्यासमोर करून घ्या. व्हिडिओ काढून ठेवा, कारण मावशी गणपतीला गावी जातेच आणि बदली नवी येते.

दिगंत, तुझ्या आईंनी उचलायचं काम मुळीच करू नये. तुम्ही दोघांनी रात्री वाटून घ्या, कागदावर लिहून. "बघू" म्हटलं की ती रात्र बाईच्याच वाट्याला येते. नणंदा फोनवर फार सल्ले देतात, त्यांना एकेक शनिवार द्या.

आठ_सतरा_कसारा:
तिसरा मजला, लिफ्ट नाही, हे मोठं प्रकरण आहे. कोणाच्या रिकाम्या तळमजल्यावर भाड्याने जाता येत असेल तर बाबा चालताहेत तोवर जा. नसेल तर जिन्यावरून न्यायची बिनचाकाची खुर्ची असते, दोघं जण धरून उतरवतात. सोसायटीतली चार पोरं हेरून ठेवा आणि एकदा सराव करा. ॲम्ब्युलन्सवाल्याचं स्ट्रेचर आमच्या जिन्याच्या वळणावर फिरलं नव्हतं.

आणि वीज. मुंबईत लाइट जात नाही असं म्हणतात, पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड बसली आणि लोकलसकट सगळं शहर थांबलं. त्या दिवशी बायपॅपवाल्यांचं काय झालं असेल विचार करा. इन्व्हर्टर किंवा मशीनची स्वतःची बॅटरी हवीच, आणि अम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) उशाशी. फिजिओ त्याच बॅगने छातीत हवा भरून खोकला काढायलाही शिकवतात. खोकला काढून देणारं कफ असिस्ट मशीन लाखांत जातं, बॅग स्वस्त.

जमाखर्च:
अवांतर पण कामाचं. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढा, बाबा प्रवास करू शकतात तोवर. प्रमाणपत्र ठरावीक सरकारी आणि पालिका रुग्णालयांतून मिळतं. जुनी करप्रणाली घेतली असेल तर उपचारखर्चाची वजावट मिळते, नियमातल्या आजारांच्या यादीत मोटर न्यूरॉन डिसीजचं नाव आहे. न्यूरोलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं.

दिगंत_भांडुप:
सगळ्यांचे आभार, प्रत्येक प्रतिसाद आईला वाचून दाखवला. पिंपळपान यांचं आणि एक_बोट यांचं तर दोनदा. एफव्हीसी झाला, ६८ टक्के आला. छातीचे डॉक्टर म्हणाले रात्रीची तपासणी करू, बायपॅपची ओळख आताच करून ठेवू. पॅलिएटिव्हच्या एक सिस्टर पुढच्या आठवड्यात घरी येणार आहेत. त्यांना आईने "चहाला या" म्हटलंय, म्हणजे प्रगती आहे.

बाबांना सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, गोदीतल्या तिघांना फोन लावून दे. काय बोलले माहीत नाही, दार लावून घेतलं होतं. स्टेम सेलचं चुलतभावाला नाही म्हटलं, तो रुसलाय. तळमजल्याची चौकशी सुरू आहे, कोणाला भांडुप-नाहूरमध्ये माहीत असेल तर व्यनि करा.

एक फुटकळ शंका. मास्क बघायला गेलो तर दुकानदार म्हणाला मिशी काढावी लागेल. बाबांची मिशी चांगली भरघोस आहे आणि ते मिशीवर अडून बसलेत.

खारफुटी:
काढू नका. नाकाच्या मास्कची कड वरच्या ओठावर बसते, तिथे मिशीमुळे हवा गळते. नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कमध्ये मिशी आत जाते, कड ओठाखाली बसते. दाढी मात्र रोज करायची. दुकानदाराला दोन्ही मास्क घरी आणायला सांगा, झोपून, मशीन चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका.

पिंपळपान:
बरोबर. फक्त नाक-तोंड झाकणारा मास्क घेतलात तर एक काळजी: हात चालत नसतील तर उलटी झाल्यावर तो स्वतः काढता येत नाही. रात्री खोलीत कोणीतरी हवंच, आणि बाबांचं जे काही हलतं, पाय, गुडघा, डोकं, तिथे दाबता येईल अशी बेल लावा. बिनतारी बेल ऑनलाइन मिळते, बटण पायाच्या अंगठ्याखाली चिकटपट्टीने बसवता येतं. सिस्टर येतील तेव्हा त्यांच्यासमोरच बसवून घ्या.